आपल्या शिवारातलं वादळ जर्नलपर्यंत कसं न्यायचं

२०१४ च्या फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाड्यात गारपीट होत राहिली. काढणीला आलेली ज्वारी आणि गहू आडवा झाला, घाटे भरलेला हरभरा झोडपला गेला, द्राक्षांचे मांडव कोसळले, मोसंबीच्या बागा उघड्याबोडक्या झाल्या. त्या दिवसांचे पंचनामे सापडतील, वर्तमानपत्रांची कात्रणंही सापडतील. पण अमुक गावात गार केवढी होती, किती वाजता सुरू झाली, किती मिनिटं पडली, वारा कोणत्या बाजूने होता, असं विचारलं तर बहुतेक ठिकाणी आज फक्त आठवणीतून उत्तर मिळतं. सप्टेंबर २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत परभणी, हिंगोली, नांदेडकडे झालेली अतिवृष्टी असो की सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव, बीड, लातूरकडे आलेले पूर, आपण लिहून ठेवलं नाही तर त्यांचीही गत तीच होणार.

लिहून ठेवण्याची एक पक्की जागा म्हणजे शोधनियतकालिक, म्हणजेच जर्नल. तीव्र हवामानावरची काही जर्नल्स पूर्णपणे स्वयंसेवकांनी चालवलेली आहेत. अशा जर्नलसाठी पीएचडी लागत नाही, पैसे लागत नाहीत. नीट केलेली नोंद आणि चिकाटी लागते. हा लेख भूगोलाचे शिक्षक, कृषी पदवीधर, कॉलेजचे विद्यार्थी आणि आभाळ भरून आलं की काम सोडून गच्चीवर जाणारे सगळे, यांच्यासाठी आहे.

स्वयंसेवकांचं जर्नल म्हणजे काय

ब्रिटनमध्ये १९७४ साली टेरेन्स मीडन यांनी वादळांच्या अभ्यासासाठी ‘टोरो’ ही संस्था सुरू केली आणि पुढच्याच वर्षी हवामानाचं एक जर्नल काढलं. हौशी निरीक्षक आणि शास्त्रज्ञ तिथे शेजारीशेजारी लिहीत. गारांची तीव्रता ‘एच-०’ ते ‘एच-१०’ अशी मोजणारी पट्टी याच संस्थेची. अमेरिकेत २००६ मध्ये ‘इलेक्ट्रॉनिक जर्नल ऑफ सिव्हिअर स्टॉर्म्स मेटिऑरॉलॉजी’ सुरू झालं. ते फक्त इंटरनेटवर निघतं आणि कुणालाही फुकट वाचता येतं. त्याची एक पद्धत नवख्या लेखकाला फार उपयोगी आहे. पेपरच्या, म्हणजे शोधनिबंधाच्या शेवटी परीक्षकांचे (छापण्याआधी तो तपासणाऱ्या तज्ज्ञांचे) शेरे आणि लेखकांनी दिलेली उत्तरं छापलेली असतात. आपला पेपर लिहायला बसण्याआधी तिथले चार पेपर शेवटच्या पानांपासून वाचा. परीक्षक कुठे अडतो, कोणत्या वाक्याला पुरावा मागतो, लेखक कसा नमतो आणि कुठे ठाम राहतो, हे कोणत्याही वर्गात शिकवलं जात नाही. तिथे ते उघड मांडलेलं आहे.

आपल्याकडे भारतीय हवामान विभागाचं ‘मौसम’ हे त्रैमासिक आहे. १९५० मध्ये ते वेगळ्या नावाने सुरू झालं आणि १९७९ पासून ‘मौसम’ या नावाने निघतं. ते सरकारी आहे, स्वयंसेवकांचं नाही. पण भारतातल्या घटनेवर लिहिताना त्यातले जुने अंक चाळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

स्वयंसेवकांच्या जर्नलमध्ये संपादक, परीक्षक, मजकूर तपासणारे, पानं लावणारे, सगळे आपापली नोकरी सांभाळून हे काम करतात. अनेकजण दिवसा पूर्वानुमानाच्या ड्युटीवर असतात आणि रात्री तुमचा पेपर उघडतात. म्हणून आपल्याकडून जाणारं काम असं असावं की त्यांच्या वेळातला एकही तास स्पेलिंग, हरवलेलं एकक किंवा चुकीची तारीख शोधण्यात जाऊ नये. पुढची बरीचशी खटपट याचसाठी आहे.

मराठवाड्यातली नोंद मोलाची का

हैदराबादचं रडार लातूरपासून सरळ रेषेत सुमारे २३० किमी आहे. रडारची सर्वांत खालची किरणशलाका साधारण अर्धा अंश वर रोखलेली असते आणि पृथ्वी गोल असल्याने लांब जाता जाता ती जमिनीपासून आणखी उंच होत जाते. २३० किमीवर ती सुमारे पाच किमी उंचीवर पोचते. उन्हाळ्यात आपल्याकडे हवा शून्य अंशापर्यंत थंड होते ती पातळीही साधारण त्याच उंचीच्या आसपास असते. म्हणजे त्या रडारला लातूरवरच्या ढगाचा वरचा, बर्फाचा भाग दिसतो. त्याखालून सुटलेला वाऱ्याचा झोत, वितळत आलेली गार, जमिनीलगतचा वारा यातलं काहीच दिसत नाही. नागपूरपासून परभणी तर ३०० किमीच्याही पलीकडे आहे.

उपग्रह वरून ढगाचा माथा दाखवतो. स्वयंचलित केंद्र महसूल मंडळात एखादंच असतं आणि गारांचा पट्टा दोन-तीन किमी रुंदीचाही असू शकतो. केंद्राच्या दोन्ही बाजूंना पिकं झोपलेली आणि केंद्रावर फक्त शिडकावा, असं सहज घडतं. जमिनीवर काय झालं हे सांगणारा माणूसच तिथे लागतो, आणि तो त्या गावातला असला तर त्याच्याइतका चांगला साक्षीदार दुसरा मिळणार नाही.

एकच घटना निवडा

पहिल्याच पेपरला ‘मराठवाड्यातील गारपीट : एक अभ्यास’ असा विषय घेऊ नका. त्याला वीस वर्षांची एकसारखी आकडेवारी लागते आणि ती हातात नसते. एक दिवस घ्या, एक तालुका घ्या, एक प्रश्न घ्या. उदाहरणार्थ, औसा तालुक्यात त्या दुपारी गारांचा पट्टा किती लांब आणि किती रुंद होता? किंवा, बागेतली झाडं पडली ती खाली आदळलेल्या झोतामुळे की फिरत्या वाऱ्यामुळे? प्रश्न एका वाक्यात सांगता आला पाहिजे. सांगता येत नसेल तर अजून दोन दिवस विचार करा, पण त्यादरम्यान नोंदी थांबवू नका. पुरावा वितळतो.

त्या दिवशी काय करायचं

सगळ्यात आधी जीव. आपल्याकडे वादळात माणसं सर्वांत जास्त जातात ती विजेने, आणि तीही शेतात किंवा झाडाखाली. मेघगर्जना ऐकू येते म्हणजे तुम्ही विजेच्या टप्प्यात आहात. पक्क्या घरात किंवा बंद चारचाकीत थांबा आणि शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं, विजेचा इशारा देणारं ‘दामिनी’ ॲप फोनमध्ये ठेवा. गार गोळा करायला विजेत पळत गेलेल्या माणसाचा डेटा मला नको आहे, आणि कोणत्याही संपादकाला नको असतो.

आत बसून जे करता येतं ते पुष्कळ आहे. पहिली गार पत्र्यावर वाजली ती वेळ लिहा. शेवटची वाजली ती लिहा. लाईट गेली ती वेळ लिहा. वारा फिरला का, आधी पाऊस की आधी गार, कोरडी गार की पावसाबरोबर, हेही लिहा. खिडकीतून व्हिडिओ घ्यायचा असेल तर त्यात एखादी ओळखीची वस्तू येऊ द्या, म्हणजे दरवाजाची चौकट, विजेचा खांब किंवा पाण्याची टाकी. नंतर त्यावरून दिशा आणि अंतर काढता येतं.

बाहेर पडल्यावर गार मोजा. पट्टी असेल तर उत्तम, व्हर्निअर असेल तर त्याहून उत्तम. नसेल तर दहा रुपयांचं नाणं शेजारी ठेवून वरून सरळ फोटो काढा. दहाच्या नाण्याचा व्यास २७ मिमी आहे. एक आणि दोन रुपयांची नाणी वापरू नका, कारण ती वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या आकारांत निघालेली आहेत. सगळ्यात मोठी गार एवढीच शोधू नका. जिथे उभे आहात तिथल्या एक फूट चौकोनातल्या सगळ्या गारांचा फोटो काढा, मग सगळ्यात मोठी वेगळी घ्या आणि तिची लांब बाजू व आखूड बाजू दोन्ही मोजा. दहा-बारा गारा प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, वर तारीख-वेळ लिहून फ्रीजरमध्ये टाका. मोठी गार मधोमध कापली तर दुधी आणि पारदर्शक थर दिसतात. तोही फोटो कामाचा आहे.

गारपिटीचा काळ सुरू होण्याआधी, म्हणजे फेब्रुवारी लागतानाच, एक साधी सोय करून ठेवा. एक फूट लांब, एक फूट रुंद, इंचभर जाड थर्माकोलचा तुकडा घ्या, त्यावर स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल ताणून बसवा आणि खालून चिकटपट्टीने पक्की करा. हा झाला हेलपॅड. गच्चीवर उघड्या जागी आडवा, हलणार नाही असा बांधा आणि एका कोपऱ्यावर उत्तर दिशेची खूण करा. गार पडली की फॉइलवर खड्डे उमटतात. खड्डे मोजले की गारांची संख्या मिळते, व्यासावरून आकाराचा अंदाज येतो, आणि खड्डे एका बाजूला ओढल्यासारखे लांबट असतील तर वारा कुठून होता तेही कळतं. अमेरिकेत १९९८ मध्ये कोलोरॅडोत सुरू झालेलं ‘कोकोराज’ हे स्वयंसेवकांचं पाऊसमापनाचं जाळं असेच हेलपॅड वापरत आलं आहे. खर्च शंभर-दीडशे रुपयांच्या आत बसतो. एका शाळेच्या मुलांनी आसपासच्या आठ-दहा गावांत एकेक लावला तरी पेपरचा अर्धा पाया तयार होतो.

पुढचे दोन दिवस : फिरती

पंचनाम्याची माणसं येण्याआधी, लोकांनी पडझड आवरण्याआधी फिरा. फोनवर होकायंत्र आणि अक्षांश-रेखांश दाखवणारं ॲप चालू ठेवा. झाड पडलेलं दिसलं की बुंध्यापाशी उभं राहून शेंड्याची दिशा अंशात नोंदवा. झाड कोणतं, मुळासकट उपटलं की मध्ये मोडलं, खोड आधीच किडलेलं होतं का, हेही. पत्रे उडाले असतील तर कुठून उडून कुठे पडले ते दोन्ही बिंदू घ्या. शेडनेट किंवा द्राक्षाचा मांडव कोणत्या बाजूला झुकला ते पाहा. मांडव सगळा एकत्र बांधलेला असतो, म्हणून तो एका बाजूला का गेला हे ठरवताना तारांचा ताणही विचारात घ्या, नुसता वारा नाही.

एक खूण फार कमी लोक पाहतात. कडुनिंबाच्या किंवा बाभळीच्या खोडाजवळ जा आणि भोवताली एक फेरी मारा. गार वाऱ्याबरोबर तिरपी आली असेल तर सालीवरचे पांढुरके, ओले ठोके एकाच बाजूला असतात. दुसरी बाजू जवळजवळ कोरी असते. डाळिंबावर आणि कच्च्या आंब्यावरही तसंच. त्या ठोक्यांची बाजू होकायंत्राने मोजा. अशा तीस-चाळीस खोडांच्या नोंदी नकाशावर टाकल्या की गार पडताना वारा कसा वळला ते डोळ्यांसमोर येतं, आणि हा पुरावा वितळत नाही. कित्येक आठवडे तो खोडावर राहतो.

झाडं एका जागेपासून पंख्यासारखी बाहेरच्या दिशेने पडलेली असतील तर ढगातून खाली आदळलेल्या झोताची शक्यता जास्त. अरुंद, लांबट पट्ट्यात ती एकमेकांकडे तोंड करून किंवा फिरत्या क्रमाने पडली असतील तर चक्रवाताचा, म्हणजे टोर्नेडोचा, विचार करावा लागतो. नोंदवहीत मात्र फक्त दिशा लिहा. निष्कर्ष घरी आल्यावर.

लोकांना कसं विचारायचं

“लिंबाएवढ्या होत्या का हो?” असं विचारलं की उत्तर ‘हो’ येणार. त्याऐवजी विचारा, “काका, केवढी होती, बोटांनी दाखवा बरं.” मग दोन बोटांमधलं अंतर पट्टीने मोजा. हरभऱ्याएवढी, बोराएवढी, आवळ्याएवढी हे शब्द जसेच्या तसे लिहून घ्या, पण त्यांचे मिलिमीटर तुमच्या मनाने करू नका. गावठी बोर आणि ॲपल बोर यांच्यात दुपटीपेक्षा जास्त फरक पडतो. कोणतं बोर ते विचारा.

वेळेचंही तसंच. “दिवस मावळायच्या आधी” याचा अर्थ तासभर इकडेतिकडे. पक्क्या वेळेसाठी दुसरे धागे शोधा. ३३ केव्हीच्या उपकेंद्रात फीडर कधी बंद पडला याची नोंद असते. तिथल्या ऑपरेटरला नम्रपणे विचारलं तर तो वेळ सांगतो. दुकानाच्या सीसीटीव्हीवर गार दिसते, पण त्याचं घड्याळ पुढे-मागे असतं. फुटेज पाहताना त्या क्षणीची कॅमेऱ्याची वेळ आणि तुमच्या फोनची वेळ यातला फरक लिहून ठेवा. व्हॉट्सॲपवर फिरलेल्या फोटोतून मूळ वेळ आणि जागेची माहिती निघून गेलेली असते. फोटो काढणाऱ्याला शोधा आणि मूळ फाईल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. मूळ माणूस सापडला नाही तर तो फोटो कितीही जबरदस्त असला तरी पेपरमध्ये घेऊ नका.

माहिती देणाऱ्याला हे कशासाठी चाललंय ते सांगा. ही नोंद अनुदानासाठी नाही, हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट करा. नाहीतर आशा लागते आणि आकडे फुगतात, दोन्ही वाईट. नाव छापायचं असेल तर संमती घ्या. गट नंबर, मोबाईल नंबर पेपरमध्ये कधीच देऊ नका.

सरकारी आकडे आणि सकाळचे साडेआठ

महसूल मंडळांमधल्या ‘महावेध’ केंद्रांचा पाऊस, हवामान विभागाची केंद्रं, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची वेधशाळा, सिंचन प्रकल्पांवरचे पर्जन्यमापक, एवढे स्रोत तरी चाचपून पाहा. तालुका कृषी कार्यालयातल्या माणसाशी ओळख ठेवली तर बरंच सोपं जातं. आणि आकडा मिळाला की तो कोणत्या केंद्राचा आणि कोणत्या वेळेपासून कोणत्या वेळेपर्यंतचा, हे सोबत लिहा.

हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ला संपतो. २ सप्टेंबरच्या नावाने लिहिलेला पाऊस प्रत्यक्षात १ तारखेच्या सकाळी साडेआठपासून पडलेला असतो. हे विसरलं की पूर आधी आला आणि पाऊस नंतर पडला, असा नकाशा तयार होतो. विशेषणंही मोजून वापरा. २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिमी म्हणजे जोरदार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति जोरदार, २०४.५ किंवा त्याहून जास्त म्हणजे अत्यंत जोरदार. महसूल खात्यात मंडळात ६५ मिमीपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. ढगफुटी म्हणायची तर लहानशा क्षेत्रात तासाला १०० मिमीच्या घरात पाऊस हवा. तासाचा आकडा हाती नसेल तर बातमीत ढगफुटी आली म्हणून पेपरमध्ये ती आणू नका.

पर्जन्यमापक नसलेल्या गावात उघड्यावर ठेवलेली, सरळ भिंतींची, सपाट तळाची टाकी किंवा डबा सापडला तर त्यातलं पाणी मोजता येतं. एक मिमी पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. बादली वरून रुंद असते, तिचा आकडा धरू नका. गारा साचल्या असतील तर पूर्ण वितळू द्या, मग मोजा आणि तसं केल्याचं लिहा.

पंचनाम्यांचे आकडे नुकसानीचे असतात, वादळाचे नसतात. मदतीसाठी किमान ३३ टक्के नुकसानीची अट असल्याने त्याच्या खालचं नुकसान त्यात दिसत नाही, आणि कोवळं पीक त्याच गारेने जास्त मोडतं. ते वापरा, पण गारेच्या आकाराचा पुरावा म्हणून नाही.

आभाळाचा डेटा, घरबसल्या

इथे फार वेळ घालवत नाही, कारण हे सगळं शिकवणारं साहित्य भरपूर उपलब्ध आहे. इन्सॅट-३डीआर आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सोडलेला इन्सॅट-३डीएस यांची चित्रं हवामान विभागाच्या आणि इस्रोच्या ‘मॉसडॅक’च्या संकेतस्थळांवर मिळतात. हवेच्या थरांचं तापमान आणि वारा मोजणारे फुगे भारतीय वेळेनुसार पहाटे ५:३० आणि संध्याकाळी ५:३० च्या सुमारास सोडतात. हैदराबाद, नागपूर, मुंबईच्या त्या नोंदी वायोमिंग विद्यापीठाच्या संग्रहात फुकट पाहता येतात. वादळानंतरचा फुगा वादळाआधीची हवा सांगत नाही, म्हणून वेळ पाहून निवडा. युरोपीय हवामान केंद्राचा ‘एरा-५’ हा मागच्या हवामानाच्या आकडेवारीचा संच १९४० पासूनचा, तासातासाचा आहे. त्याची चौकट सुमारे ३१ किमीची असते, त्यामुळे तो तुमच्या गावातला झोत दाखवणार नाही. सभोवतालची हवा कशी होती एवढंच त्यातून घ्या. आणि ही सगळी साधनं पेपरमध्ये पुरवणीला असावीत. तुमची जमिनीवरची नोंद मुख्य आहे. पुष्कळ नवे लेखक उलट करतात. रंगीत नकाशे दहा आणि स्वतःची नोंद दोन ओळी.

सगळ्या वेळा यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर धरल्या जाणाऱ्या प्रमाणवेळेत द्या आणि कंसात भारतीय वेळ. भारतीय वेळेतून साडेपाच तास वजा. दुपारचे ४:१० म्हणजे १०:४० यूटीसी. पहाटे साडेपाचच्या आधीची घटना असेल तर तारीखही एक दिवस मागे जाते. २ सप्टेंबरच्या पहाटेचे तीन म्हणजे १ सप्टेंबरचे २१:३० यूटीसी. वेळांचा एक तक्ता आधीच करून भिंतीवर लावा.

लिहायला बसताना

अशी बहुतेक जर्नल्स इंग्रजीत निघतात. तरी पहिला खर्डा मराठीत लिहा. विचार जिथे धूसर आहे तिथे मराठी वाक्य लगेच अडखळतं आणि तुम्हाला ते कळतं. मग लहान लहान इंग्रजी वाक्यांत उतरवा. भाषांतरासाठी किंवा भाषा सुधारण्यासाठी एखादं एआय साधन वापरलं तर जर्नलचा नियम पाहा आणि वापरल्याचं लिहा. संदर्भ मात्र स्वतः उघडून वाचलेलेच द्यायचे.

पेपरचा सांगाडा ठरलेला असतो, त्यावर डोकं शिणवू नका. प्रस्तावना, क्षेत्र आणि पद्धत, निरीक्षणं, विश्लेषण, चर्चा, निष्कर्ष. यात जीव ‘पद्धत’ आणि ‘निरीक्षणं’ या दोन भागांत आहे. किती गावं फिरलात, कोणत्या गावात जाता आलं नाही, किती लोकांशी बोललात, कोणत्या नोंदी गाळल्या आणि का गाळल्या, हे सगळं लिहा. गार पडली नाही असं सांगणारी गावंही नकाशावर हवीत. पट्ट्याची कड त्यांच्यामुळेच ठरते.

पाहिलेलं आणि तर्काने काढलेलं वेगळं ठेवा. ‘गावाच्या दक्षिणेला चक्रवात आला’ हे वाक्य परीक्षक खोडणारच. ‘गावाच्या दक्षिणेला साडेतीनशे मीटरच्या पट्ट्यात अकरा कडुनिंब पडलेले दिसले. नऊंचे शेंडे पूर्व ते आग्नेय दिशेला होते’ हे वाक्य कुणाला खोडता येत नाही. त्याचा अर्थ काय ते पुढच्या भागात, ‘यावरून असं दिसतं की’ म्हणत मांडा आणि दुसरा अर्थ निघत असेल तर तोही सांगा.

जिल्ह्यांच्या नावांकडे लक्ष द्या. जुन्या आकडेवारीत औरंगाबाद आणि उस्मानाबाद आहेत, नव्या नोंदींत छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव. पहिल्यांदा नाव येईल तिथे दोन्ही द्या, पुढे एकच वापरा. बीड, परांडा, भूम यांची रोमन लिपीतली स्पेलिंगं नकाशात आणि मजकुरात सारखी ठेवा. वळीव, अवकाळी हे शब्द वापरायचे तर त्यांचा काळ आणि अर्थ एका वाक्यात सांगा, कारण ओक्लाहोमातल्या किंवा बर्लिनमधल्या वाचकाला मार्चमधल्या हरभऱ्याचं काय होतं ते ठाऊक नसतं.

नकाशावर प्रमाणपट्टी, उत्तर दिशा, अक्षांश-रेखांश आणि रंगांचा खुलासा हवाच. लाल-हिरवी जोडी टाळा. अनेकांना ती वेगळी दिसत नाही. क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर या कामाला पुरेसं आहे.

कुठे पाठवायचं आणि कुठे नाही

जर्नल निवडण्याआधी त्याची व्याप्ती वाचा. तीन गोष्टी तपासा : संपादक मंडळातली माणसं खरी आहेत आणि हवामानशास्त्रातली आहेत का, जुने अंक उघडतात का, परीक्षणाची पद्धत लिहिलेली आहे का. ‘डीओएजे’ या खुल्या जर्नलांच्या यादीत नाव सापडलं तर आणखी बरं. “तीन दिवसांत छापून देतो, एवढी फी या नंबरवर पाठवा” असा मेसेज आला की थांबा. आपल्या कॉलेजांमध्ये बढतीच्या धाकाने अनेक चांगल्या शिक्षकांचे पैसे आणि चांगला डेटा अशा ठिकाणी गेलेला आहे. यूजीसीने २०२५ मध्ये आपली केअर ही मान्य जर्नलांची यादी बंद केल्यानंतर तर पारख पूर्णपणे आपल्यावर आली आहे. अशा पैसेखाऊ ठिकाणी एकदा छापलं गेलेलं काम खऱ्या जर्नलला पुन्हा देता येत नाही. एकाच वेळी दोन जर्नलांना पेपर पाठवणंही चालत नाही.

पेपरच्या आधी संपादकांना एक छोटी ईमेल करा. घटना कोणती, तारीख आणि जागा, तुमच्याकडे कोणता मूळ पुरावा आहे, किती पानांचं लिखाण होईल. पाच-सहा ओळी बस. विषय त्यांच्या व्याप्तीत बसतो की नाही हे लगेच कळतं आणि दोघांचेही महिने वाचतात. पूर्ण पेपरऐवजी टिपण किंवा घटना-अहवाल द्या असं ते सुचवतील तर आनंदाने द्या.

परीक्षण

पेपर गेला की थांबावं लागतं. तीन-चार महिने काहीच कळलं नाही तर एक नम्र विचारणा करायला हरकत नाही. पहिलं उत्तर बहुधा लांबलचक दुरुस्त्यांचं असतं. दोन-तीन परीक्षक, प्रत्येकाचे वीस-पंचवीस मुद्दे. दोन दिवस ते बाजूला ठेवा. मग एक वेगळी फाईल करा, परीक्षकाचा प्रत्येक मुद्दा जसाच्या तसा उतरवा आणि त्याखाली काय बदललं, कोणत्या ओळीत, ते लिहा. पटलं नाही तर कारण आणि पुरावा द्या. “तुम्ही मराठवाडा पाहिलेला नाही” हे उत्तर होत नाही. त्या भागाची माहिती परीक्षकाला नसेल तर ती पेपरमध्येच कमी पडलेली आहे. गोंधळ वाचकालाही होईल म्हणून तिथे एक परिच्छेद वाढवा.

मान्यता मिळाल्यावर मूळ नोंदी, म्हणजे दिशा, आकार, वेळा यांचा तक्ता ‘झेनोडो’सारख्या खुल्या संग्रहात ठेवा. माणसांची नावं काढून टाका. आभारात उपकेंद्राच्या ऑपरेटरपासून हेलपॅड लावणाऱ्या मुलांपर्यंत सगळे यायला हवेत आणि ज्याने खरोखर मोजमाप आणि लिखाणात वाटा उचलला तो सहलेखक म्हणून. हे आधीच बोलून घ्या. एका पानाचा मराठी गोषवारा करून गावच्या शाळेत, कृषी विज्ञान केंद्रात आणि परभणीच्या विद्यापीठातल्या हवामान कक्षाला द्या.

लेख न लिहिताही

स्वयंसेवकांच्या जर्नलला लेखकांइतकीच इतर हातांची गरज असते. इंग्रजी चांगलं असेल तर मजकूर तपासायला, नकाशे येत असतील तर आकृत्या सुधारायला, संदर्भांचे दुवे चालतात का ते पाहायला माणसं हवी असतात. एखादा पेपर छापून झाला की परीक्षक म्हणूनही विचारणा होते. भारतातली शेती, घरांचे पत्रे, झाडांच्या जाती यांची जाण असलेला परीक्षक त्यांच्याकडे दुर्मीळच असतो. विषय जमत नसेल किंवा ठरलेल्या मुदतीत वाचून होणार नसेल तर तीन दिवसांच्या आत नाही म्हणून कळवा आणि जमेल अशा दुसऱ्या माणसाचं नाव सुचवा. लेखक ओळखीचा असेल तर तेही सांगा. आणि पहिल्यांदाच काम मागत असाल तर ईमेलमध्ये तुम्ही आठवड्याला किती तास देऊ शकता, कोणतं सॉफ्टवेअर येतं आणि खरीप-रब्बीच्या, परीक्षांच्या कोणत्या महिन्यांत हात मोकळे नसतील, हे स्पष्ट लिहा.